आजीच्या पैठणीला कात्री लावण्याआधी

ताई, माझं लग्न डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. सकाळी कार्यालयात विधी आणि संध्याकाळी डीपी रोडवरच्या लॉनवर रिसेप्शन. आजीने तिच्या लग्नातली पैठणी मला दिली आहे. नऊवारी, वांगी रंगाची, काठावर मुनिया. मला मात्र लहानपणापासून मोठ्या घेराचा लेहंगा घालायचाय. बुटीकमध्ये फोटो दाखवला, तर तिथल्या बाई म्हणाल्या, याच पैठणीचा अंब्रेला लेहंगा आणि खोल गळ्याचा ब्लाउज करू, एकदम हटके दिसेल. पैठणी मी त्यांच्याकडेच ठेवून आले आहे. आईला हे कळल्यापासून ती माझ्याशी धड बोलत नाही. होणाऱ्या सासूबाईंना मुहूर्तावर नऊवारीच हवी. आजी म्हणते, 'तुला दिली ना, आता तुझी.' बुटीकला निम्मे पैसे आधी हवेत, ट्रायल लग्नाच्या आठवडाभर आधी, आणि मापं म्हणे मी पाच-सहा किलो कमी करून आल्यावर घेणार. कुणाचं ऐकू?
एक वाचक, सिंहगड रोड

प्रिय मैत्रिणी,

उद्या दुकान उघडताच जा आणि पैठणी घरी घेऊन ये. भांडण नको, कारणं नकोत. 'घरी एकदा नीट बघायची आहे' एवढं सांगितलंस तरी पुरे. लेहंग्याचं, पैशांचं, सासूबाईंचं आपण सावकाश बोलू. त्या गोष्टी पुढे-मागे करता येतात, कापलेलं कापड पुन्हा अखंड होत नाही.

घरी आणलीस की दिवसाउजेडी, खिडकीजवळच्या पलंगावर स्वच्छ सुती चादर घालून ती पूर्ण उलगड. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड आहे, तेव्हा आईला मदतीला घे. तेवढ्या निमित्ताने ती बोलायलाही लागेल. आधी घड्यांच्या रेघा बघ. जुनं रेशीम विरतं ते बहुधा तिथेच, कारण वर्षानुवर्षं एकाच जागी दुमडून राहिलेलं असतं. एकेक भाग उजेडासमोर धर. रेघेवर बारीक भोकं किंवा उभे-आडवे चिरे दिसतायत का? मग आतल्या टोकाचं, नेसल्यावर दिसत नाही तिथलं कापड दोन चिमटींत धरून अगदी हलका ताण दे. चांगलं रेशीम हाताला किंचित खेचतं आणि सोडलं की परत येतं, विरलेलं मात्र चर्र करून सुटतं. शेवटी पदर उलटा करून बघ. हातमागाच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखाच दिसतो, मागे लोंबते धागे नसतात, कारण नक्षीतला प्रत्येक रंग विणकराने हाताने त्याच्या जागेपुरताच फिरवलेला असतो आणि शेजारच्या रंगात अडकवलेला असतो. असा पदर विणायला काही आठवडे, कधी महिनेही लागतात. तो हातात धरून बघितल्यावर तुला स्वतःलाच काय वाटतं, ते महत्त्वाचं. आईला काय वाटतं हे तुला ठाऊकच आहे.

जरीची तार काळवंडली असेल तर घाबरू नकोस. जुन्या जरीत चांदी असते आणि चांदी काळी पडतेच. घरगुती उपाय करायला जाऊ नकोस, लिंबू नाही, टूथपेस्ट तर नाहीच. जुन्या रेशमाचं काम करणाऱ्या ड्रायक्लीनरला नुसती दाखव आणि तो काय म्हणतो ते ऐक.

आता त्या अंब्रेला लेहंग्याबद्दल. बुटीकच्या बाईंनी तुला जे सांगायला हवं होतं, ते मी सांगते. अंब्रेला म्हणजे पूर्ण गोल. तुझी कंबर ३० इंच आणि लेहंग्याची उंची ४० इंच धरली, तर खालचा घेर येतो सुमारे २८१ इंच. पैठणीचा काठ चार इंच रुंद धरू. चार इंच वर गेलं की त्याच गोलाचा घेर उरतो २५६ इंच. म्हणजे काठाची खालची कड २८१ इंचांची हवी आणि वरची २५६ची. पण काठ विणलेला असतो सरळ, त्याच्या दोन्ही कडा सारख्याच लांबीच्या. मधले २५ इंच कुठे घालवायचे? एक तर ठिकठिकाणी चिमटे घेऊन, नाहीतर काठाचे तुकडे करून ते गोलावर जोडून. प्रत्येक जोडावर एखादी मुनिया अर्धी कापली जाणार. फोटोत तुला जो लेहंगा आवडला, त्याचा काठ बहुतेक गोलावरच भरतकाम करून काढलेला असणार, म्हणून तो इतका सफाईदार वळतो. विणलेल्या काठाला ते जमत नाही. यात तुझ्या बुटीकचं कौशल्य कमी पडतं असं नाही, कापडाचा स्वभावच तसा आहे.

काठाच्या साडीचा लेहंगा करायचाच असेल, तर सरळ कापडाला वर चुण्या किंवा बॉक्स प्लीट घालून करावा. मग काठ खाली अखंड फिरतो. सहावारी साडीची रुंदी ४५ इंचांच्या आसपास असते आणि लेहंग्याची उंची ४० ते ४२, त्यामुळे वरचं कापड पट्ट्यात दुमडून, हाताने कच्चे टाके घालून, एकही काप न देता लेहंगा होतो. पदर तसाच मोकळा ठेवून खांद्यावरून घ्यायचा. लग्नानंतर टाके उसवले की साडी परत साडी. ज्या मुलींच्या घरी आईची सहावारी कपाटात पडून आहे, त्यांनी हा प्रयोग जरूर करावा.

पण तुझ्याकडे नऊवारी आहे, आणि नऊवारी जशी आहे तशीच नेसण्यासाठी तुझ्यापुढे मुहूर्त उभा आहे. तू सकाळी ती नेस. सासूबाई म्हणतात म्हणून नव्हे. सकाळी तुला काय काय करायचंय ते बघ. गौरीहारापाशी बसायचं, अंतरपाटामागे उभं राहायचं, हात वर करून हार घालायचा, मग पाटावर मांडी घालून होमासमोर बसायचं, लाह्या द्यायच्या, सप्तपदी चालायची, आणि मध्ये-मध्ये वाकून कितीतरी मोठ्यांच्या पाया पडायचं. काष्टा घातलेली बाई हे सगळं मोकळेपणाने करते. फुगीर लेहंग्याच्या आत कॅनकॅनची जाळी असते आणि ती नायलॉनची. पाटावर बसलीस की ती छातीपर्यंत वर येते, आणि होमाची ठिणगी पडली तर वितळते. त्या जागी मी तुला लेहंग्यात बसू देणार नाही.

गौरीहाराला मामाकडची पिवळी अष्टपुत्री तुमच्याकडे असेल, तर साडी बदलायला नेमका किती वेळ मिळतो ते गुरुजींना आत्ताच विचारून ठेव. काही घरांत ते घाईघाईत उरकावं लागतं, आणि नऊवारी घाईत नेसली तर दिवसभर हात निऱ्यांवर राहतो.

नेसायला शिकव म्हणून आजीला सांग. 'आता तुझी' म्हणणारी बाई मनाने मोठी आहे, पण ती गप्प आहे, आणि तिला काही विचारलंच गेलं नाही असं मला पत्रावरून वाटतं. ओचा कसा घ्यायचा, निऱ्या किती, काष्टा कुठे खोचायचा, हे घराघराचं वेगळं असतं. साध्या सुती नऊवारीवर काही दिवस सराव कर. शिवलेली नऊवारी सोयीची असते हे खरं, पण ती शिवताना साडी कापावी लागते, म्हणून या साडीच्या बाबतीत तो विचार मनात आणू नकोस.

एकाच परिस्थितीत मी कात्रीला हो म्हणेन. अंगाचं कापड घड्याघड्यांवर फाटलेलं असेल, अंगावर घेताच चिरणार असेल, आणि पदर तेवढा धड असेल, तर तो पदर वेगळा काढून, मागून बारीक जाळीचं अस्तर हाताने टाचून, शेला म्हणून वापरावा. तेही आजीसमोर आणि आजीच्या संमतीने. मग मुहूर्ताला दुसरी नऊवारी आण.

तुझ्या हौसेला सकाळी खरी जागा आहे ती ब्लाउजमध्ये. तिथे हवं ते डिझाइन कर. फक्त त्यासाठी पैठणीतलं कापड घेऊ नकोस. वांगी रंगाला वांगी जुळवण्याच्या नादालाही लागू नकोस, जुन्या रंगाची छटा नव्या कापडात क्वचित सापडते, आणि जरा चुकलेली जुळणी विरोधी रंगापेक्षा जास्त डोळ्यांत खुपते. मुनियेच्या अंगाचा पोपटी हिरवा घे, हिरव्या चुड्याशीही तो जाईल. रविवार पेठेत किंवा लक्ष्मी रोडवर कापड बघायला जाताना पैठणी बरोबर ने, मोबाईलमधल्या फोटोवर रंग ठरवू नकोस. दुकानातल्या दिव्यांत एक रंग दिसतो, बाहेर फुटपाथवर उन्हात दुसराच. दुकानदाराला सांगून ताग्याचं टोक दारापर्यंत आणायला लाव, चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.

आरी किंवा जरदोसीचं भरतकाम करणार असशील तर दंडाच्या आतल्या बाजूला आणि काखेखाली काम नको. जरदोसीची तार पदराच्या जरीवर दिवसभर घासते, दोन्ही एकमेकींत अडकतात आणि ओढ बसते ती जुन्या साडीला. बाही कोपरापर्यंत ठेवणार असशील तर मापं देताना हातात चुडा भरल्यावर कोपर कसा वाकतो तेही मास्टरना दाखव. खोल गळा कर, पण वाकून नमस्कार करून बघ आणि मग खोली ठरव. वर दोरी हवीच.

आता संध्याकाळ. संध्याकाळ तुझी, आणि तिथे तो मोठ्या घेराचा लेहंगा तू घालच. लहानपणापासूनची हौस आहे, ती कुणाला खूश करण्यासाठी सोडून देऊ नकोस. नवीन कापडात अंब्रेला छान होतो. रॉ सिल्क घेतलंस तर त्याला स्वतःचा ताठपणा असतो, कॅनकॅनचे थर कमी लागतात. गोल कापलेलं कापड तिरक्या बाजूला ओघळतं आणि लांब होतं, म्हणून शिवून झाल्यावर लेहंगा दोन दिवस टांगून ठेवायला सांग आणि खालची कड त्यानंतर कापून दुमडायला सांग. हे न केल्याने कितीतरी लेहंगे बाजूंना जमिनीवर लोळतात. वजन आधीच विचार. अंगभर जरदोसी म्हणजे कित्येक किलो, आणि ते सगळं कमरेच्या पट्ट्यावर येतं, तेव्हा पट्टा रुंद आणि आतून कॅनव्हास घातलेला हवा, नुसत्या नाडीवर तोलू नये. ओढणी पैठणीची घे, येवल्याच्या विणीच्या ओढण्या पुण्यात सहज मिळतात. सकाळचा धागा संध्याकाळपर्यंत येईल आणि साडीही शाबूत राहील.

लॉनवर आहेस हे विसरू नकोस. पुण्यात डिसेंबरच्या रात्री पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो, नदीकडच्या बाजूला हवा आणखी बोचरी, आणि हिरवळ दवाने ओली. टोकदार टाचा मातीत रुततात. रुंद टाचेची चप्पल आत्ताच घे आणि उंचीचं माप तीच घालून दे. कड जमिनीपासून इंचभर वर. ब्लाउजला पूर्ण बाह्या किंवा वरून छोटं जाकीट, जे डिझाइनचाच भाग असेल. नाहीतर रात्री नऊ वाजता आईची शाल अंगावर येते आणि सगळे फोटो तिच्यातच निघतात.

आता मापांचं. हे वाचून मला फार वाईट वाटलं. कपडा तुझ्यासाठी शिवायचाय. तुझी आज जी मापं आहेत त्या मापांवर सुंदर कपडा शिवणं हे मास्टरचं काम, आणि त्यासाठीच तू त्यांना पैसे देतेस. लग्नाच्या गडबडीत उपाशी राहून, चक्कर येत, स्टेजवर उभं राहायचं नाही. मापं आत्ताच द्यायची, त्या दिवशी जी आतली वस्त्रं घालणार तीच घालून द्यायची, आणि प्रत्येक शिवणीत इंच-दीड इंच कापड सोडायला सांगायचं. अंग थोडं कमी-जास्त झालं तर टीप उसवून सरकवता येते. जो शिवणारा ग्राहकाला 'आधी बारीक व्हा' म्हणतो, त्याच्याकडे पुन्हा जावं का, याचा तू शांतपणे विचार कर. माझं उत्तर नाही असं आहे.

ट्रायलचा क्रमही तुला माहीत असायला हवा. चांगले मास्टर आधी मांजरपाटाचा, म्हणजे साध्या सुती कापडाचा, कच्चा ब्लाउज शिवतात. तो अंगावर घालून मुंढा, गळा, टक्स जुळवतात. तो बरोबर झाला की त्याच्यावरून कापडावर खुणा होतात, मग नक्षीचा खाका तयार होतो. बटर पेपरवर नक्षी काढून तिच्या रेषांवर सुईने बारीक भोकं पाडतात आणि रॉकेलमध्ये कालवलेली पूड बोळ्याने वरून फिरवली की ठिपक्यांची नक्षी कापडावर उतरते. मग कापड खाटल्यावर, म्हणजे लाकडी चौकटीवर, ताणून काम सुरू होतं. म्हणजे भरतकाम होतं ते कापड अजून अखंड असताना, आणि शिवण नंतर. एकदा खडे आणि जरदोसी बसली की गळ्याचा आकार बदलत नाही, आणि खड्यांवरून टीप मारली तर मशीनची सुई तुटते. आठवडाभर आधी पहिली ट्रायल याचा अर्थ, चूक निघाली तर ती दुरुस्त करायला जागाच नाही. मांजरपाटाची ट्रायल कामाआधी, दुसरी काम झाल्यावर कच्च्या टाक्यांत, आणि शेवटची दोन-तीन आठवडे आधी, दागिने आणि चप्पल घालून. दहा मिनिटं मांडी घालून बसूनही बघ.

दिवस कमी आहेत असं वाटतं तेवढे कमी नाहीत, पण सणांनी भरलेले आहेत. गणपतीत लक्ष्मी रोडला संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा कापड आत्ता, एखाद्या कामाच्या दिवशी सकाळी बघून घे. पितृपक्षात बरेच लोक खरेदी करत नाहीत. तुमच्या घरी चालत असेल तर मापं आणि कच्ची ट्रायल त्याच दिवसांत उरक, मास्टरना तुझ्याशी निवांत बोलायला वेळ असतो. भरतकाम नवरात्राच्या सुमारास सुरू होऊन दिवाळीआधी हातात यायलाच हवं. खाटल्यावर काम करणारे बरेच कारीगर बंगालचे आणि उत्तरेकडचे आहेत, सणाला गावी गेले की परत कधी येतील ते मालकालाही सांगता येत नाही. आणि तुळशीची लग्नं लागली की प्रत्येक दुकानात तुझ्यासारख्या दहा मुली उभ्या असतात.

घरच्यांचं आता जवळजवळ सुटलंच आहे, पण बोलणं तुलाच करायचंय. सासूबाईंना आईकरवी निरोप पाठवू नकोस, स्वतः फोन कर. 'आई, मुहूर्ताला मी माझ्या आजीची पैठणी नेसणार आहे आणि संध्याकाळी लेहंगा घालणार आहे' असं सरळ सांग. परवानगी मागितल्यासारखं बोललीस तर संध्याकाळच्या लेहंग्यावरही चर्चा सुरू होईल. सांगितल्यासारखं, पण आदराने बोललीस तर त्यांनाही बरं वाटेल. तुझ्या आईला मात्र हे सांग की तिचा राग बरोबर होता. तिला तेवढंच ऐकायचं असेल.

राहिले पैसे. निम्मी रक्कम एकदम देऊ नकोस. कापडाचे पैसे कापड घेताना, थोडी रक्कम मांजरपाटाची ट्रायल नीट झाल्यावर, थोडी भरतकाम दाखवल्यावर, आणि डोळ्यांत भरेल एवढा भाग शेवटच्या ट्रायलनंतर. पावतीवर सगळं लिहून घे: कापड कोणतं आणि किती मीटर, अस्तर कोणतं, काम हाताचं की मशीनचं, ट्रायल किती, तयार कपडा देण्याची तारीख, आणि नंतरची दुरुस्ती कुणाच्या खर्चाने. उरलेलं कापड परत मिळायला हवं, तेही लिही. तू दिलेला फोटो आणि त्यांनी काढलेलं स्केच, दोन्हींवर त्यांची सही घेऊन प्रत ठेव. शिवणकाम ही सेवा आहे आणि २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा सेवांनाही लागू आहे. वेळ आलीच तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, पण तिथेही पहिला प्रश्न पावतीचाच येतो. लिहून द्यायला बुटीकच्या बाई तयार नसतील, तर पैठणी आणायला जाशील तेव्हाच त्यांचा निरोप घे आणि शेजारपाजारी, मैत्रिणींत विचारून असा मास्टर शोध, जो मापं घेताना तुला आधी विचारेल, 'त्या दिवशी बसायचं कुठे आहे?'